न पोहोचलेली गाडी

नेपोलियनच्या लढायांचे चिमुकले देखावे मांडणाऱ्यांचा एक मोठा पंथ इंग्लंड, फ्रान्स, अमेरिका या देशांत आहे. इंचभर उंचीचे शिशाचे नाहीतर प्लास्टिकचे शिपाई, हिरव्या रंगाने माखलेले लाकडी मैदान, कापसाचा धूर, आणि शेजारी नियमांचे पुस्तक नि फासे. प्रौढ, सुशिक्षित, चांगले मिळवते गृहस्थ यात रात्रीच्या रात्री घालवतात. त्यांना हसणारे हसोत. मी हसत नाही. एच. जी. वेल्ससारख्या माणसाने १९१३ साली या खेळावर ‘लिटल वॉर्स’ नावाचे पुस्तक लिहिले, आणि ज्याला लढण्याची खुमखुमी असेल त्याने ती घरातल्या जमिनीवर जिरवावी, असाच त्याचा रोख होता. पुढच्याच वर्षी युरोपने ती कुठे जिरवली हे सर्वांना ठाऊक आहे! तेव्हा खेळण्याबद्दल माझे भांडण नाही. माझे भांडण आहे ते या मंडळींच्या मैदानावर जे नसते त्याबद्दल. तिथे गाड्या नसतात.

चिलखती घोडेस्वार असतात, केसाळ टोप्यांचे गार्ड असतात, आणि अमक्या पलटणीची कॉलर पिवळी की नारिंगी यावर दोन मित्र वर्षभर अबोला धरू शकतात. पण त्या पलटणीला काडतुसे कोण आणून देत होते, जखमी झाल्यावर तिला कशात घालून नेत होते, तिच्या घोड्यांचे नाल कुठे ठोकले जात होते, हे विचारावे तर मैदानाच्या कोपऱ्यात एखादी तयार विकत आणलेली गाडी शोभेला उभी केलेली दिसते. कारण विचारले की उत्तर मिळते, ‘नियमपुस्तकात गाडीला गुण नाहीत.’ म्हणजे जिला गुण नाहीत ती लढाईत नव्हतीच म्हणायची!

१८ जून १८१५. वॉटर्लूच्या मैदानावर वेलिंग्टनच्या फळीपुढे दोन शेतवाड्या होत्या. उजवीकडे उगूमाँ आणि मध्यावर, ब्रुसेल्सच्या रस्त्याला लागून, ला ए सांत. दोन्हींवर दिवसभर हल्ले झाले. उगूमाँमधली काडतुसे संपत आली तेव्हा इंग्रजांच्या गाडीदलातला एक साधा शिपाई दारूगोळ्याची गाडी भर गोळीबारातून उतारावरून हाकत थेट वाड्याच्या आवारात घेऊन गेला. उगूमाँ शेवटपर्यंत पडले नाही. ला ए सांत मेजर बारिंग हा जर्मन अधिकारी लढवीत होता. त्याने काडतुसांसाठी पुनःपुन्हा माणसे पाठवली. काडतुसे आली नाहीत. संध्याकाळी सहाच्या सुमारास वाडा पडला, आणि जवळजवळ चारशेंतले बेचाळीस लोक घेऊन बारिंग मागे सरला. एका वाड्यात गाडी पोहोचली, दुसऱ्यात पोहोचली नाही. शौर्य दोन्हीकडे सारखेच होते. ज्या पुस्तकात त्या गाडीला गुण नाहीत ते पुस्तक कोणत्या लढाईचे आहे, हे त्याच्या कर्त्यांनीच सांगावे.

‘अहो, हा शेवटी खेळ आहे,’ हा दुसरा बचाव. या बचावाला कॅप्टन सायबर्नने परस्पर उत्तर देऊन ठेवले आहे. वॉटर्लूची प्रतिकृती करायची म्हणून हा माणूस १८३० साली याच ला ए सांतमध्ये आठ महिने राहिला आणि त्याने जमिनीचा चढउतार मोजला. मग लढाईतल्या अधिकाऱ्यांना शेकडो पत्रे पाठवून, तुम्ही त्या घटकेला नेमके कुठे होता, असे विचारले. सरकारने पैसा मध्येच बंद केला. याने पदरमोड केली, कर्ज काढले. १८३८ साली लंडनमध्ये ती प्रतिकृती लोकांनी पाहिली. आज ती तिथल्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे. प्रत्यक्ष वेलिंग्टनला ती खपली नाही, कारण निकालाच्या घटकेला प्रशियन सैन्य किती जवळ आले होते ते सायबर्नने मांडून दाखवले होते. ज्या मांडणीने वॉटर्लूच्या विजेत्याच्या कपाळाला आठी पडते, तिला खेळ म्हणून झटकून टाकता येत नाही. टेबलावर कुठली वस्तू ठेवली आणि कुठली वगळली, यातच आपण साक्ष दिलेली असते.

आता घोड्यांचे पाहा. इंग्रजांच्या नऊ पौंडी तोफेला आठ घोडे लागत. सहा तोफांच्या घोडतोफखान्यामागे दोनशेच्या आसपास घोडी असत. खेळाडू आठाचे दोन करतात. टेबल लहान आहे, म्हणतात. पण आठ घोड्यांची तोफ बहात्तराव्या हिश्शाच्या प्रमाणात वीतभर लांब होते, आणि ती वीतभर लांबी हीच तर तिची खरी गोष्ट आहे! ती रस्ता अडवते, तिला वळायला जागा लागते, तिच्यातला पुढचा एक घोडा पडला की मागचे सगळे खोळंबते. दोन घोड्यांची तोफ भिंगरीसारखी फिरते, आणि तिला फिरवणाऱ्याला सेनापती होणे फार सोपे वाटू लागते.

म्हणून माझे म्हणणे असे की ज्याला या काळाचा देखावा मांडायचा आहे त्याने निदान एक गाडी मुळापासून स्वतःच्या हाताने करावी. तयार गाडी प्रश्न विचारत नाही. स्वतः करायला बसले की पहिला प्रश्न चाकच विचारते. ते सपाट नसते. परातीसारखे किंचित खोलगट असते, आरे तुंब्यापासून बाहेरच्या बाजूला झुकलेले. ओझ्याची गाडी घोड्याच्या दर पावलाला डावी-उजवीकडे झोके खाते, आणि तो आडवा धक्का सपाट चाकाचे आरे उखडतो. खोलगट चाक तो सोसते. मग आसाचे टोक थोडे खाली वाकवावे लागते, म्हणजे ज्या आऱ्यावर भार आला तो जमिनीशी सरळ उभा राहील. परिघाच्या प्रत्येक लाकडी तुकड्यात दोन आरे बसतात, तेव्हा आऱ्यांची संख्या सम असते; बाजारच्या गाड्यांवर मी विषम आरेही मोजले आहेत. उदबत्तीची काडी तासून आरे करावेत, पुठ्ठ्याच्या साच्यात ते एकेक चिकटवावेत, आणि कागदाची बारीक पट्टी धाव म्हणून चढवावी. पहिली चारपाच चाके टाकून द्यावी लागतात. आपल्या गावातल्या सुताराला हे सारे न शिकवता येत होते, ही गोष्ट त्या वेळी फार जाणवते.

चाक झाले की त्याचे माप राष्ट्रांचा स्वभाव सांगू लागते. इंग्रजांच्या तोफेचे, तिच्या पुढच्या गाड्याचे आणि दारूगोळ्याच्या गाडीचे चाक एकाच मापाचे, पाच फुटांचे. एक मोडले तर दुसरीचे काढून लावा. फ्रेंचांच्या ग्रिबोव्हाल पद्धतीत पुढची चाके लहान आणि मागची मोठी, म्हणून दारूगोळ्याच्या गाडीच्या पाठीला जादा चाक तिरके अडकवलेले असे. गाडी वळायला सोपी झाली, बदलायला अवघड झाली. तोफखान्याच्या गाडीवर चाबूक उगारून बसलेला गाडीवान दिसला, तर ती विकत आणली आहे असे खुशाल समजावे. तिथला हाकणारा डाव्या घोड्यावर स्वार असे. फ्रान्समध्ये १८०० सालापर्यंत हा हाकणारा ठेकेदाराचा नोकर होता, आणि तोफा टाकून पळाला तर त्याला फारसा दोष देता येत नव्हता. नेपोलियनने त्याला शिपाई केले. धान्याच्या नि सामानाच्या गाड्यांना लष्करी गणवेश मिळायला १८०७ साल उजाडावे लागले. टेबलावरच्या सेनापतींच्या दरबारी त्यांचा अर्ज अजून पडूनच आहे.

लोहाराच्या भट्टीची गाडी तर कुणाच्या स्वप्नातही येत नाही. रशियातून परतताना, नोव्हेंबर १८१२ मध्ये, ओर्शा येथे तरते पूल वाहणाऱ्या गाड्या जाळून टाकण्याचा हुकूम झाला. घोडे तोफांना हवे होते. जनरल एब्ले याने त्यातून दोन भट्ट्या, दोन गाड्या कोळसा आणि सहा गाड्या हत्यारे नि लोखंडी आकडे वाचवले. आठवड्याभरात बेरेझिना नदी आडवी आली. पलीकडे जायला पूल नाही, मागे रशियन. खेड्यातली घरे मोडून लाकूड काढले, त्या भट्ट्यांवर लोखंड तापवले, आणि एब्लेच्या माणसांनी छातीभर बर्फाळ पाण्यात उभे राहून दोन पूल बांधले. नेपोलियन त्यांवरून सुटला. ती माणसे बहुतेक मेली. एब्लेही वर्ष संपायच्या आत गेला. बेरेझिनाचे देखावे मी पुष्कळ पाहिले. पूल असतो, बर्फ असते, घोड्यावरचा सम्राट असतो. भट्टी नसते.

आणि लारेची जखमींची गाडी! १७९२ पर्यंत फ्रेंच सैन्यातल्या रुग्णगाड्या फळीमागे एक लीग अंतरावर थांबत आणि लढाई संपल्यावर पुढे येत. दोमिनिक लारे या शस्त्रवैद्याने हलकी, स्प्रिंग लावलेली, दोन घोड्यांची गाडी काढली. दोन जखमी निजतील एवढी, कडेला लहान खिडक्या, आणि आतली गादी चाकांवर सरकून बाहेर येईल अशी. हे सरकते तळ करून पाहावे. पोस्टकार्डाची फळी, टाचणीचे तुकडे चाकांच्या जागी; काम नखाएवढे. पण ते करताना हात आपोआप विचारतो की फळी का सरकायची? उचलताना मोडलेल्या मांडीला धक्का बसू नये म्हणून. इतका वेळ जे टेबलावर नुसते आडवे पाडून बाजूला काढले जात होते, ते इथे पहिल्यांदा माणूस होते.

कोणी म्हणेल, आता यंत्रे त्रिमिती छापून देतात; तासत बसायची गरज काय? छापा की! ज्याने चाकाचा खोलगटपणा स्वतः आखून यंत्राला दिला त्याने गाडी केली असेच मी मानतो. दुसऱ्याची आकृती दमडी देऊन उतरवून घेणाऱ्याने मात्र फक्त रंग दिला.

या बाबतीत आपण मराठी माणसांनी फार शहाजोगपणा मिरवू नये. दिवाळीच्या किल्ल्यावर आपण हळीव पेरतो, मावळे उभे करतो, गुहेत वाघही ठेवतो. धान्याचे कोठार कितीजण करतात? ‘बाजारबुणगे’ हा शब्द आपण शिवी म्हणून वापरतो, आणि पानिपतावर सैन्य उपाशी पोटी लढायला उतरले हेही त्याच तोंडाने सांगतो. आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला २३ सप्टेंबर १८०३ रोजी जो वेलस्ली लढला तोच पुढचा वेलिंग्टन. त्याच्या दख्खनमधल्या पत्रांत बैल, तांदूळ आणि बंजाऱ्यांचे तांडे यांचा जप चाललेला आहे.

आता ला ए सांतचा देखावा करणाऱ्यांपुरते. उगूमाँच्या उतारावर एक भरलेली गाडी करावी, पूर्ण घोड्यांसकट. पेट्या मोजून ठेवाव्यात. मग ला ए सांतकडे वळावे. वाड्यापासून मागच्या टेकाडाकडे जाणारा रस्ता मैदानाच्या काठापर्यंत न्यावा आणि मोकळा सोडावा. तिथे झाड लावू नये, शोभेचा शिपाई उभा करू नये. बारिंगच्या लोकांच्या कमरेच्या काडतुसांच्या थैल्यांची झाकणे उघडी करावीत, आणि आत नुसता काळा रंग द्यावा.