पोतं फोडून बघा

बीटल्सना कोट्यवधी लोक ऐकतात म्हणून ते थोर, हे आपल्याला पटत नाही. गोदीतला काटा वजन सांगतो. पोत्यात गहू की भुसा, ते नाही सांगत. १९६५ साली न्यूयॉर्कच्या शिया स्टेडियमात ५५ हजारांवर माणसं अशी किंचाळली, की वाजवणाऱ्यांना स्वतःचंच वाजवणं ऐकू येईना. १९६६ साली दौरे बंद करून ही पोरं स्टुडिओत घुसली, तिथं घाम गाळला. तो गुण खराच. पण सूर शिकले ते चक बेरी, लिटल रिचर्ड या काळ्या गवयांकडून. त्यांचं गाव लिव्हरपूल; गुलामांच्या जहाजांवर पोसलेलं बंदर. काळ्या गळ्यातला तोच सूर एवढा का नाही खपला? म्हणून दोस्तहो, गर्दी मोजू नका. पोतं फोडा, माल बघा. आणि पिकवला कुणी, तेही विचारा.