रक्त गोड वगैरे काही नसतं!

लीव्ह अप्रूव्ह झाल्याचा मेल आला की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? निळंशार पाणी, पांढरी वाळू, हातात शहाळं आणि फोन स्विच ऑफ. अंदमानला निघालेल्या माझ्या प्रत्येक मित्राने गॉगल घेतला, शॉर्ट्स घेतल्या, पाण्यात चालणारा कॅमेरा घेतला. चावणाऱ्या किड्यांचा विचार मात्र कुणाच्याच यादीत नव्हता. किड्यांच्या यादीत मात्र हे सगळे होते!

एका हिवाळ्यात आम्ही आठ जण हॅवलॉकला गेलो होतो. 2018 पासून या बेटाचं अधिकृत नाव स्वराज द्वीप आहे. तिथला राधानगर बीच 2004 साली ‘टाइम’ मासिकाने आशियातला सर्वोत्तम ठरवला होता, आणि तो आहेच तसा. आमच्यातले दोघे सूर्यास्तापर्यंत टॉवेल टाकून वाळूवर पसरले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या पोटऱ्यांवर आणि पाठीवर लाल ठिपक्यांची रांगोळी! “गादीत ढेकूण आहेत, रूम बदलून द्या,” म्हणून दोघं रिसेप्शनवर भांडायला उभे. तिथले बंगाली दादा शांतपणे म्हणाले, “कल शाम को रेत पे सोये थे क्या?”

निदान झालं. गादी निर्दोष सुटली.

शत्रू एक नाही, तीन

आपण सगळ्यांनाच ‘मच्छर’ म्हणून मोकळे होतो आणि तिथेच फसतो. बीच आणि जंगलात चावणाऱ्यांचं प्रत्येकाचं टाइमटेबल वेगळं असतं. ऑफिसातल्या शिफ्टसारखं.

पहिली शिफ्ट वाळूतली. बीचवर ज्यांना सगळे ‘सँडफ्लाय’ म्हणतात, त्या बऱ्याचदा ‘मिज’ नावाच्या चिलटाएवढ्या माश्या असतात. जेमतेम एक ते तीन मिलिमीटर. ओली वाळू, खारफुटीचा चिखल, किनाऱ्यावर कुजणारं शेवाळ, हे त्यांचं माहेर. पहाटे आणि संध्याकाळी यांचा जोर जास्त. चावल्याचं तेव्हा फारसं कळत नाही. खरी खाज नंतर सुरू होते आणि आठवडाभरही मुक्काम ठोकते. साध्या मच्छरदाणीच्या भोकांतूनही त्या आरामात आत येतात. पण एक वीक पॉइंट आहे. त्यांना वाऱ्यात नीट उडताच येत नाही. म्हणून वारा असेल तिथे बसा, खोलीत पंखा फुल ठेवा आणि संध्याकाळी वाळूवर आडवं पडण्याऐवजी खुर्चीत बसा. अंगाला खोबरेल तेल चोपडायचा जुना उपाय यांच्यावर थोडाफार चालतो, कारण इतका छोटा किडा तेलाच्या थरात अडकतो. डासांना मात्र तेलाचं काही वाटत नाही.

दुसरी शिफ्ट दिवसाची. अंगावर पांढरे पट्टे असलेला एडिस डास दिवसा चावतो, सकाळी आणि सूर्यास्ताच्या आधी जास्त. डेंग्यू आणि चिकुनगुनिया पसरवणारा हाच. याला गटार लागत नाही, साचलेलं थोडंसं पाणी पुरतं. आपण पिऊन फेकलेलं शहाळं पावसात भरलं की त्याचं प्रसूतिगृह तयार! याला गडद रंग आवडतात, त्यामुळे जंगलातल्या पायवाटेवर फिकट रंगाचे, सैल, पूर्ण बाह्यांचे कपडे बरे. एलिफंट बीचला झाडीतून चालत जाणार असाल किंवा बाराटांगच्या गुहांकडे खारफुटीतून होडीने, तर शॉर्ट्सचे फोटो नंतर काढा.

तिसरी शिफ्ट नाइट. मलेरियाचा ॲनोफिलीस डास अंधार पडल्यापासून पहाटेपर्यंत ड्युटीवर असतो. त्याची एक जात मचूळ पाण्यातही वाढते, म्हणजे खाडीकाठच्या रोमँटिक कॉटेजच्या अगदी अंगणात. इथे मच्छरदाणी हवीच, आणि तिच्या कडा गादीखाली खोचलेल्या हव्यात.

पावसाळ्यात जाणार असाल तर एक पाहुणी कलाकारही भेटेल, जळू. ती कीटक नाही, पण रक्ताचा हिशेब तोच. तिच्यावर मीठ टाकू नका, सिगारेटचा चटका देऊ नका. नखाने तिचं तोंड बाजूला सरकवा आणि जखम स्वच्छ धुवा.

बाटलीवर काय लिहिलंय?

“माझं रक्त गोड आहे, मलाच चावतात,” असं म्हणणारा प्रत्येक ग्रुपमध्ये एक असतो. रक्तातल्या साखरेचा इथे काही संबंध नाही. श्वासातला कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब आणि त्वचेवरच्या जिवाणूंमुळे येणारा वास, यांवरून डास आपल्याला शोधतो. आणि बीचवर बिअर उघडणाऱ्यांसाठी खास बातमी. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, बुर्किना फासोमधल्या एका छोट्या अभ्यासात असं दिसलं की बिअर प्यायलेली माणसं मलेरियाच्या डासांना जास्त आवडतात. चीअर्स!

रिपेलंट घेताना सुगंध बघू नका, लेबल वाचा. ‘डीट’ किंवा ‘पिकारिडिन’ ही परखलेली नावं. 20 ते 30 टक्के डीट असेल तर साधारण चार-सहा तास निघतात, घाम आला की त्याहून कमी. आधी सनस्क्रीन, ते मुरू द्या, मग रिपेलंट. उलटं नको. डीटने प्लास्टिक मऊ पडतं, त्यामुळे तेच हात गॉगलला, घड्याळाला किंवा स्नॉर्केलच्या मास्कला लावू नका. स्नॉर्केलिंगच्या आधी ते लावण्यात अर्थ नाही. धुऊन जाणार, म्हणजे पैसे अक्षरशः पाण्यात. आवाज करून डास पळवणारी यंत्रं आणि बी-वनच्या गोळ्या यांच्यावर खर्च करण्यापेक्षा एक फिश करी जास्त खा.

चावलंच तर खाजवू नका. सांगणं सोपं आहे, मला ठाऊक आहे. पण नखांनी जखम होते, दमट हवेत ती चिघळते आणि उरलेली ट्रिप बँडेजमध्ये जाते. साबणाने धुवा, बर्फ लावा, कॅलामाइन लावा. खाज झोपू देत नसेल तर केमिस्टला विचारून ॲलर्जीची गोळी घ्या. ही सगळी सामग्री घरूनच न्या. छोट्या बेटावर रात्री दहाला मेडिकल उघडं असेलच, या भरवशावर राहू नका.

सुट्टीनंतरचा ताप

हे सगळं गमतीत सांगतेय, पण या बेटांचा इतिहास गमतीचा नाही. इंग्रजांनी 1789 मध्ये अंदमानात पहिली वसाहत केली आणि आजारपण व मृत्यूंमुळे 1796 मध्ये ती गुंडाळली. जंगी आरमाराचं साम्राज्य, सात वर्षांत परत! काळ्या पाण्याची वसाहत पुढे 1858 मधली. सेल्युलर जेल बघताना हेही आठवावं.

आमच्या ग्रुपमधल्या एकाला परतल्यावर आठव्या दिवशी ताप आला. ॲप्रेझलचा आठवडा. “एसीमुळे झालं असेल” म्हणत तो अंगदुखीची गोळी घेऊन ऑफिसला यायला निघाला होता. बायकोने त्याला ओढत डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांचा पहिला प्रश्न, “कुठे फिरून आलात का?” रक्त तपासलं, डेंग्यू निघाला. वेळेत कळलं म्हणून आठवडाभरात निभावलं.

डेंग्यूची शंका असताना ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घ्यायचं नसतं, रक्तस्रावाचा धोका वाढतो. तापाला पॅरासिटामॉल, भरपूर पाणी आणि लगेच तपासणी. डेंग्यू बहुधा चावल्यापासून चार ते दहा दिवसांत दिसतो. मलेरिया मात्र काही आठवड्यांनी, कधी कधी महिन्यांनीही डोकं वर काढतो. तोवर आपलं टॅनसुद्धा उतरलेलं असतं, अंदमान कुणाला आठवणार?

म्हणून एकच करा. ट्रिपचे फोटो सगळ्या ऑफिसला दाखवता ना? मग ताप आला तर ट्रिपची बातमी डॉक्टरांनाही द्या. त्यांनी विचारण्याआधी.