तुमचा लोगो ‘सारखा’ आहे हे कॉम्प्युटरला कळतं कसं?

घरगुती मसाल्याचा ब्रँड असो की मित्रांनी मिळून काढलेलं टी-शर्टचं दुकान, लोगो आता फोनवर अर्ध्या तासात तयार होतो. टेम्प्लेट मात्र सगळ्यांना तीच मिळतात. मग ट्रेडमार्कसाठी अर्ज केला की आक्षेप येतो: असाच लोगो आधीच नोंदवलेला आहे. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गासाठी ४,५०० रुपये. ती गेलीच, शिवाय पाकिटं छापून झाली असतील तर तो खर्च वेगळा.

म्हणून सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने एआयवर चालणारी ट्रेडमार्क शोधयंत्रणा आणली, ती बातमी महत्त्वाची आहे. चित्रं शोधायची रुळलेली पद्धत म्हणजे १९७३ च्या व्हिएन्ना करारातले कोड. तारे १.१, सूर्य १.३, असं प्रत्येक चित्राला नंबर द्यायचे. पण अर्ध्या सूर्याला कुणी फूल समजून कोड दिला, तर सूर्य शोधणाऱ्याला तो दिसणारच नाही.

मग थेट आकारच मोजला तर? लोगोच्या मध्यापासून कडेपर्यंतचं अंतर मोजत एक पूर्ण प्रदक्षिणा घालायची. आकड्यांची एक रांग मिळते. लोगो मोठा केला तर सगळे आकडे त्याच पटीत वाढतात, म्हणून सरासरीने भागायचं. लोगो फिरवला तर रांग नुसती पुढे सरकते. फूरिये रूपांतर केलं की तो फरकही काढून टाकता येतो. (हो, इंजिनिअरिंगच्या गणितात रडवणारा तोच फूरिये.)

पण पान देठापासून सुटं, मध्ये भोक, बाजूला तीन ठिपके असतील तर प्रदक्षिणा कुठून घालणार? एमपेग-७ या मानकात त्यासाठी भरलेल्या भागाचं वर्णन करणारी पद्धत आहे: ३५ आकडे, प्रत्येकी ४ बिट. अख्खा आकार १४० बिटमध्ये! यूटीएफ-८ मध्ये देवनागरीची सहा चिन्हंसुद्धा त्यात मावत नाहीत.

आजची न्यूरल नेटवर्क ‘हे सफरचंद, हा मुकुट’ असं ओळखून शोधतात. पण फोटोंवर शिकलेली नेटवर्क आकारापेक्षा पोताकडे जास्त बघतात. एका गाजलेल्या प्रयोगात मांजराच्या आकृतीवर हत्तीची कातडी चढवली, तर नेटवर्क म्हणालं हत्ती! लोगोत कातडी कुठून आणणार? तिथे बहुतेक वेळा नुसता आकारच असतो.

कायद्याचा प्रश्न तर आणखी वेगळा. ‘अमृतधारा’ विरुद्ध ‘लक्ष्मणधारा’ या खटल्यात सुप्रीम कोर्टाने निकष धरला तो साधारण बुद्धीच्या आणि अर्धवट आठवणाऱ्या गिऱ्हाइकाचा. असा माणूस फसेल का, हे साम्याच्या टक्क्यांवरून ठरत नाही. त्यामुळे यादीत विसाव्या नंबरवर आलेला लोगोही तुम्हाला अडवू शकतो.

जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या ग्लोबल ब्रँड डेटाबेसवर २०१४ पासून चित्र टाकून फुकट शोधता येतं. छपाईआधी तिथे आणि आपल्या रजिस्ट्रीच्या साइटवर शोधा. रंगीत लोगोसोबत काळापांढराही टाका, आणि पहिल्या पानावर थांबू नका.