गाडी गेली, कारखाना राहिला

पुणे जिल्ह्यात दोन मोटार कारखाने असे आहेत, की ज्या गाड्यांसाठी ते ओळखले जात त्या गाड्या आता तिथे बनत नाहीत. तळेगावात शेव्हर्ले बनत असे. तिथून २०२५ पासून ह्युंदाईच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. शिरूर तालुक्यातील रांजणगावच्या कारखान्यावर फियाटचे नाव अजून आहे. पण बनतात त्या जीप आणि टाटाच्या गाड्या. फियाट आणि शेव्हर्ले या दोन्ही जगभर नावाजलेल्या, मात्र आपल्याकडे बाजारातला वाटा जेमतेम. त्या गेल्या तेव्हा मंदीला दोष देऊन सगळे मोकळे झाले. मोठे तग धरतात, छोटे बुडतात, हा बाजाराचा नियमच असल्याचे सांगितले गेले. हा निष्कर्ष सोयीचा आहे, खरा नाही.

फियाट मराठी माणसाला परकी नव्हती. पुणे जिल्ह्यातल्याच इंदापूर तालुक्यातले वालचंदनगर ज्यांच्या नावाने वसले, त्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि या कंपनीच्या कुर्ल्यातील कारखान्यात पुढे फियाट तयार होऊ लागली. डॉक्टर, वकील, साखर कारखान्याचा संचालक यांच्या दारात तीच असे. प्रीमियर पद्मिनी या नावाने तीच मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी झाली आणि २०२३ मध्ये रस्त्यावरून हटली. एवढी पुण्याई गाठीशी असलेल्या फियाटने २००७ मध्ये टाटा मोटर्सशी निम्म्या भागीदारीत रांजणगावी नवा डाव मांडला. लिनिया आली जानेवारी २००९ मध्ये, ग्रांदे पुंटो त्याच वर्षी जूनमध्ये. अमेरिकेतील लेहमन ब्रदर्स बँक कोसळून जगभर मंदी आली त्याला वर्षही झाले नव्हते. देशातील प्रवासी वाहनांची विक्री २००८-०९ मध्ये साडेपंधरा लाखांवर थबकली होती. केंद्राने उत्पादन शुल्क घटवले, व्याजदर उतरले आणि पुढच्याच वर्षी विक्री पावपटीने वाढली. टाटांच्या शोरूममधून विकल्या जाणाऱ्या फियाटलाही तेव्हा गिऱ्हाईक मिळाले. म्हणजे एवढ्या मोठ्या जागतिक मंदीत ही गाडी बुडाली नाही, उलट उभी राहिली.

मग माशी शिंकली कुठे? गाडीत खोट होती म्हणावे, तर तिच्या इंजिनाची कहाणी आड येते. फियाटचे १.३ लिटर मल्टिजेट डिझेल इंजिन मारुतीच्या स्विफ्टमध्ये होते, डिझायरमध्ये होते, टाटाच्या व्हिस्टातही होते. डिझेल गाड्यांची मागणी एवढी वाढली, की जानेवारी २०१२ मध्ये मारुतीने फियाटशीच वर्षाला एक लाखापर्यंत इंजिने घेण्याचा करार केला. त्याच इंजिनाची स्विफ्ट घेण्यासाठी लोक महिनोन्महिने थांबत आणि त्याच इंजिनाची पुंटो शोरूममध्ये गिऱ्हाइकाची वाट पाहत असे. इंजिनाला देशभर मान आणि ते बनवणाऱ्याच्या नावाला भाव नाही, ही विसंगती मंदीने समजावता येत नाही.

ती समजून घ्यायची तर पुणे-सोलापूर महामार्गावर यावे. यवत, भांडगाव, चौफुला हा उसाचा पट्टा. इथे गाडीचे पैसे उसाच्या बिलावर, कांद्याच्या पट्टीवर आणि पतसंस्थेच्या कर्जावर ठरतात. इथला शेतकरी गाडी घेताना ती विकायचाही हिशेब करतो. अडीनडीला मोडता येईल अशीच वस्तू त्याला हवी असते. एमएच ४२ या इथल्या नंबरची जुनी पुंटो विकायला निघाली, की घेणारा बॉनेट उघडतो, ऑइलची पट्टी काढून पाहतो, इंजिनाचा आवाज ऐकतो आणि मान डोलावतो. मिस्त्रीही सांगतो, “इंजिन स्विफ्टचंच आहे, बिनघोर घ्या.” मग प्रश्न येतो, “पार्ट मिळतो का?” इथे सौदा अडतो. फिल्टर मिळेल, पण हेडलाइट फुटला, दाराचे हँडल तुटले, बंपर गेला, तर पुण्याला फोन लावायचा, नाहीतर भंगारवाल्याकडे शोधायचे. “गाडी वाघ आहे, पण हिला मार्केट नाही,” असे म्हणून किंमत पाडली जाते. पाडलेल्या किमतीची बातमी गावभर होते आणि पुढच्या नव्या गाडीचे गिऱ्हाईक तिथेच तुटते.

पार्ट मिळणार नाही, गाडी विकली जाणार नाही, ही भीतीच छोट्या ब्रँडचा खरा शत्रू आहे. चार पैसे हातात खेळत असतात तेव्हा माणूस हौस करतो, वेगळी गाडी घेऊन पाहतो. हात आखडला की तो जोखीम टाळतो. ज्या गाडीचा पार्ट तालुक्याच्या गावी मिळतो आणि जी उद्या सहज विकली जाईल, तीच घेतो. त्यामुळे मंदीत मोठ्या कंपनीचे एक गिऱ्हाईक जाते ते पैसे नाहीत म्हणून. छोट्या कंपनीचे एक जाते पैशांअभावी आणि दुसरे भीतीपोटी. ही भीती फियाटने स्वतःच वाढवली. २०१२ मध्ये टाटांच्या विक्री-जाळ्यातून बाहेर पडून तिने स्वतंत्र दुकाने मांडायला घेतली. नेमक्या त्याच काळात बाजार घसरला आणि २०१३-१४ मध्ये प्रवासी वाहनांची विक्री सहा टक्क्यांनी घटली. जुने सेवा केंद्र सुटले, नवे दूर. पडत्या बाजारात घर बदलण्याची ही किंमत होती.

२०१९ ची मंदी याहून कडक होती. आयएल अँड एफएस ही वित्तसंस्था कोसळल्यानंतर बिगरबँक वित्तसंस्थांनी कर्जे आवळली, विम्याचा एकरकमी हप्ता वाढला, प्रदूषणाच्या बीएस-६ मानकांची तारीख डोक्यावर आली. त्या ऑगस्टमध्ये प्रवासी वाहनांची विक्री आदल्या वर्षीच्या तुलनेत ३१ टक्क्यांहून अधिक घसरली. पिंपरी-चिंचवडमध्ये ‘ब्लॉक क्लोजर’, म्हणजे काही दिवस उत्पादन बंद ठेवणे, हा शब्द घरोघरी पोहोचला. भारतातील फियाटचा शेवट याच सुमारास झाला. पण त्याच वर्षाच्या जूनमध्ये एमजी आणि ऑगस्टमध्ये किया या आपल्या बाजारात सर्वस्वी नव्या कंपन्यांनी पहिल्या गाड्या आणल्या आणि त्यांच्यासाठी रांगा लागल्या. एमजीची गाडी तर शेव्हर्ले बनवणाऱ्या जनरल मोटर्सने सोडलेल्या, गुजरातमधील हलोलच्या कारखान्यातली! नाव छोटे किंवा नवे असणे हा गुन्हा नाही. ही कंपनी इथे राहायला आली आहे, असे गिऱ्हाइकाला वाटले पाहिजे. शेव्हर्लेबद्दल ते वाटेनासे झाले होते आणि २०१७ मध्ये जनरल मोटर्सने देशातील विक्री थांबवून ती शंका खरी केली.

यात रांजणगावाने एक धडा दिला आहे. तिथला कारखाना एका नावाच्या जिवावर राहिला नाही. त्याने मारुतीसाठी इंजिने केली, टाटाची नेक्सॉन केली, २०१७ पासून जीप कंपास करून ती परदेशी पाठवली. फियाटचा बिल्ला गेला, पण कारेगाव-ढोकसांगवीच्या भाड्याच्या खोल्या रिकाम्या पडल्या नाहीत. तळेगावात मात्र फक्त जनरल मोटर्सचेच काम होते. देशातील विक्री थांबल्यावर निर्यातीवर तीन वर्षे निघाली, डिसेंबर २०२० मध्ये यंत्रे थांबली आणि हजारावर कामगारांचा लढा न्यायालयात आणि रस्त्यावर वर्षानुवर्षे चालला. मधल्या काळात चिनी ग्रेट वॉल कंपनीशी झालेला कारखाना विक्रीचा सौदा फिसकटला. ह्युंदाई आली ती त्यानंतर. मोकळ्या जागेला नवा मालक मिळतो. चाळिशीतल्या कामगाराला नवी नोकरी तशी मिळत नाही. कंत्राटी पोरांचे तर नाव कुठल्याच कागदावर नसते. त्यांना ‘ब्रेक’ देऊन कामावरून कमी केले की विषय संपला.

म्हणून काही गोष्टी सरकारने करायलाच हव्यात. राज्य सरकार सामूहिक प्रोत्साहन योजनेतून मोठ्या प्रकल्पांना करपरतावा देते. तो जनतेचा पैसा आहे. तो घेणाऱ्या कंपनीकडून, विक्री थांबवल्यास दहा वर्षे सुटे भाग आणि सेवा पुरवण्याची लेखी हमी आणि कामगारांच्या भरपाईसाठी राखीव निधी, या दोन अटी आधीच मान्य करून घ्याव्यात. केंद्राने डीलरांच्या संरक्षणाचा कायदा करावा. संसदीय समितीने तशी शिफारस केली आहे. अमेरिकेत राज्याराज्यांत असे कायदे आहेत. २०२१ मध्ये फोर्ड गेली तेव्हा कर्ज काढून शोरूम बांधलेले डीलर हात चोळत बसले. केंद्राने २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ म्हणून संकेतस्थळ काढले. पण संकेतस्थळावर माहिती मिळते, हेडलाइट मिळत नाही.

अशा अटींनी गुंतवणूक शेजारच्या राज्यात पळेल, असा आक्षेप येईल. त्यात तथ्य आहे, म्हणूनच डीलर आणि सुट्या भागांचे नियम देशभर एकसारखे हवेत. जाण्याचे स्वातंत्र्य कंपन्यांना जरूर असावे. पण जाताना मागचा हिशेब चुकता करण्याची जबाबदारीही असावी. शिवाय अशी हमी छोट्या कंपनीच्याच फायद्याची आहे. पार्ट मिळणारच, हे कायद्याने पक्के झाले, तर मंदीतही गिऱ्हाईक तिच्या शोरूमची पायरी चढेल.

सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. करकपात २००८ मध्येही झाली होती आणि बाजार सावरला होता. करकपातीने गाडी स्वस्त होते, विश्वासार्ह होत नाही. पुढची मंदी कधी ना कधी येणारच. तेव्हा कोणता ब्रँड तरेल, हे कंपन्या पाहून घेतील. त्यांच्या गाडीत हप्त्याने पैसे घातलेला शेतकरी आणि त्यांच्या यंत्रावर उमेदीची वर्षे घातलेला कामगार मात्र त्या ब्रँडबरोबर बुडणार नाही, एवढे पाहणे हे सरकारचे काम आहे. ते बाजार तेजीत असतानाच करावे लागते.