बुधाची माची आणि बनगरवाडीची तालीम

मराठीत पर्यावरणाच्या अंगाने साहित्य वाचण्याचा प्रघात पडू लागल्यापासून गो. नी. दांडेकरांच्या 'माचीवरला बुधा' (१९५८) या कादंबरीकडे अभ्यासकांचे पुन्हा लक्ष जाऊ लागले आहे. ते योग्यच आहे. मुंबई सोडून राजमाचीवर परतलेला, झाडापाखरांशी आणि मुक्या जनावरांशी नाते जोडून राहणारा हा म्हातारा म्हणजे कमीत कमी गरजांत जगण्याचे मराठीतील एक अत्यंत देखणे चित्र आहे. मात्र प्रस्तुत लेखकाला या पसंतीत एक अडचण दिसते. बुधा एकटा आहे. त्याचे साधेपण त्याच्यापासून सुरू होते आणि त्याच्यापाशीच संपते. त्याला कोणाकडून बैल मागून आणावा लागत नाही, की कोणाच्या वाट्याचे काम अंगावर घ्यावे लागत नाही.

त्याआधी तीनच वर्षे व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) प्रसिद्ध झाली होती. तरुण मास्तराने मनावर घेतल्यावर धनगरांची ती वाडी स्वतःच्या अंगमेहनतीने तालमीची इमारत उभी करते. या कादंबरीतील माळरानाबद्दल, मेंढरांबद्दल आणि शेवटच्या दुष्काळाबद्दल आपण वर्गात भरपूर बोलतो. तालमीबद्दल मात्र 'गावाची एकजूट' असे दोन शब्द बोलून पुढे जातो. इमारत हा काही निसर्ग नव्हे, अशी आपली समजूत असावी. वस्तुतः आज कमी कार्बनच्या जगण्याचा जो प्रश्न आहे तो बुधाच्या माचीचा नसून तालमीचा आहे. माणसे एकत्र येऊन काय उभारतात, कशाच्या बळावर उभारतात आणि ते किती दिवस टिकते, असा तो प्रश्न आहे.

आजचे बहुतेक पर्यावरणविषयक उपक्रम बुधाच्या साच्यातले आहेत. त्यांची सुरुवात शपथेने होते. महाराष्ट्र शासनाने २०२० साली 'माझी वसुंधरा' अभियान सुरू केले, तेव्हा त्यात नागरिकांसाठी ई-शपथेची सोय होती. शपथ ही एकेकट्याने घ्यायची गोष्ट आहे, ती मोडली तरी शेजाऱ्याचे काही अडत नाही. दिवा विझवा, पिशवी घरून न्या, नळ बंद करा, असे सगळे आज्ञार्थ एकवचनी माणसाला उद्देशून असतात. 'कार्बन पदचिन्ह' ही कल्पनाही अशीच एकवचनी आहे. ती लोकांच्या तोंडी रुजवण्यात बीपी या तेलकंपनीच्या २००० नंतरच्या जाहिरातींचा मोठा वाटा होता, हे आता बऱ्यापैकी सर्वज्ञात आहे. तेल विकणाऱ्याने गिऱ्हाइकाला स्वतःची पावले मोजायला बसवावे, यातला विनोद आपल्या विडंबनकारांच्या नजरेतून कसा सुटला कोण जाणे.

याच्या अगदी उलट स्वभावाचे दोन शब्द मराठीत आहेत. इर्जिक आणि सावड. ज्याच्याकडे बैल नाहीत, किंवा ज्याचे काम मागे पडले आहे, त्याच्या शेतात गावातले लोक आपापली औते घेऊन येतात आणि एका दिवसात नांगरट उरकून देतात. मजुरी घ्यायची नाही, शेतधन्याने जेवण घालायचे. ही झाली इर्जिक. सावडीत हिशेब थोडा काटेकोर असतो. आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या. या दोन्ही चालींत पर्यावरणाचा उच्चारही नाही. तरीही त्यातून साधत होते ते नेमके तेच, ज्याला आज संसाधनांचा सामायिक वापर असे जड नाव दिले जाते. चार घरांत मिळून दोनच बैलजोड्या पुरत असतील तर उरलेल्या दोन जोड्यांचा चारा वाचतो, पाणी वाचते आणि (आजच्या भाषेत सांगायचे तर) त्यांच्या पोटातून निघणारा मिथेनही वाचतो. आता बैलांच्या जागी ट्रॅक्टर आला. बचतगटांच्या आणि शेतकरी गटांच्या 'अवजारे बँका' काही ठिकाणी निघाल्या, त्यांत सावडीचेच तत्त्व आहे. फरक इतकाच की सावड गावाने आपल्या गरजेतून जन्माला घातली होती, आणि अवजारे बँकेचा प्रस्ताव पुष्कळदा अनुदानाच्या परिपत्रकातून निघतो.

हा भेद भाषेतच स्पष्ट दिसतो. 'मोहीम' काढायची ती शत्रूवर. ती फत्ते झाली की सैन्य घरी जाते. सावड फत्ते होत नाही, ती फिटते, आणि फिटली की पुन्हा मांडली जाते. ज्या कामामागे फिटणारे देणे आहे ते काम टिकते आणि ज्याच्यामागे नुसता सद्भाव आहे ते पहिल्या पावसाळ्यात वाहून जाते, असे माझे मत आहे. जूनमध्ये लावलेल्या रोपांना जानेवारीत पाणी घालायला कोण जाते, एवढे पाहिले तरी हे कळेल.

येथे एक गंभीर आक्षेप येतो आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. जुन्या गावातली देवाणघेवाण सगळ्यांसाठी सारखी नव्हती. दया पवारांच्या आत्मकथनाचे 'बलुतं' (१९७८) हे नावच त्या देवाणघेवाणीचे आहे. काही वस्तू वाया न जाणारे ते काटकसरी गाव कोणाच्या पाठीवर उभे होते, मेलेले जनावर कोण ओढत होते, शिळे कोणाच्या पदरात पडत होते, हे दलित साहित्याने सांगितले नसते तर आपण आजही 'स्वयंपूर्ण खेड्या'ची आरती ओवाळत बसलो असतो. चुलीच्या धुरात डोळे गेलेल्या बाईला तिची जीवनशैली कमी कार्बनची होती असे सांगणे ही क्रूर थट्टा आहे. भारताचे दरडोई उत्सर्जन आजही जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी भरते. या आकड्याचा अभिमान बाळगण्यापूर्वी त्यात संयम किती आणि अभाव किती, हे विचारलेच पाहिजे. तेव्हा इर्जिक आणि सावड हवी, परंतु बलुते नको, अशी निवड करता येते का?

ती करता येते, याचे एक उदाहरण पुण्यात आहे. कचऱ्यातून कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने स्थापन झाली. तिच्या सदस्यांत बहुसंख्य दलित स्त्रिया. या संघटनेतूनच पुढे 'स्वच्छ' ही कचरावेचकांची स्वतःच्या मालकीची सहकारी संस्था निघाली आणि २००८ पासून पुणे महापालिकेशी करार करून तिच्या सदस्या दारोदार कचरा गोळा करू लागल्या. घरटी ठराविक शुल्क, ओळखपत्र, ठरलेला भाग. काम तेच, जे जातीने पूर्वी कपाळी लिहिले होते, मात्र त्याची अट बदलली. उपकाराच्या जागी दर आला.

आता याचा कार्बनशी संबंध पाहू. भंगारातून मिळालेल्या ॲल्युमिनियमपासून नवी वस्तू बनवायला खनिजापासून धातू काढण्याच्या मानाने सुमारे ९५ टक्के ऊर्जा कमी लागते. ओला कचरा कचराभूमीत दडपला की तो हवेवाचून कुजतो आणि मिथेन सोडतो. तोच वेगळा काढून खत केले तर हे बरेचसे टळते. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे ज्यांच्या उशाशी साचला त्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या ग्रामस्थांना हे रसायनशास्त्र कोणी शिकवावे लागत नाही. हवामानबदलाविरुद्ध शहरात काम करणाऱ्यांची यादी करायची तर या स्त्रिया त्यात सर्वांत वर असायला हव्यात. कार्यक्रमात भाषण करायला मात्र आपण दुसऱ्याच कोणाला तरी बोलावतो.

दुसरे उदाहरण गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गोंड गावाचे. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा आता प्रसिद्ध आहे. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्यानंतरही बांबू विकण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती यायला एप्रिल २०११ उजाडावे लागले. तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश त्यासाठी स्वतः गावात आले होते. २०१३ मध्ये गावाने ग्रामदानाचा मार्ग पत्करला. हा सगळा इतिहास अनेकदा सांगितला गेला आहे. मला त्यातली एक गोष्ट विशेष वाटते, आणि ती साहित्याच्या विद्यार्थ्यांना जवळची वाटावी. या गावात निर्णय सर्वसहमतीने होतात आणि निर्णयाआधी 'अभ्यासगट' बसतो. विषय मांडायचा, माहिती गोळा करायची, बाहेरच्या जाणकाराला प्रश्न विचारायचे, आणि सगळ्यांना पटेपर्यंत बोलत राहायचे. बहुमताने प्रश्न मिटवून टाकायची घाई नाही. आपल्या चर्चासत्रांत शेवटच्या वक्त्याला पाच मिनिटे देऊन आभारप्रदर्शन उरकले जाते, त्याच्याशी हे ताडून पाहावे. झाड तोडू नये हे त्या गावाला कोणी निबंध लिहून पटवलेले नाही. जंगल कोणाचे हा वाद जिंकल्यानंतर ते राखणे ओघानेच आले.

पानी फाउंडेशनच्या वॉटर कपबद्दल (२०१६ ते २०१९) मात्र माझे मत मिश्र आहे. भर उन्हाळ्यात हजारो माणसे कुदळ-फावडे घेऊन डोंगरावर चर खोदत होती, हे दृश्य खोटे नव्हते. पहिल्या वर्षी जिंकलेले साताऱ्याचे वेळू हे गाव त्यामुळे सर्वांना ठाऊक झाले. तथापि स्पर्धेला शेवटचा दिवस असतो. पुढील काळात ज्या गावांनी पिकांचा आणि उपशाचा हिशेब एकत्र बसून मांडला तीच गावे त्या कामाचा लाभ टिकवू शकतील, बाकीच्यांचे चर गाळाने भरतील. श्रमदानातल्या 'दाना'पेक्षा सावडीतला हिशेब मला अधिक भरवशाचा वाटतो, तो याच कारणाने.

अर्थात हिशेबालाही मर्यादा आहे आणि ती माडगूळकरांनी दाखवून ठेवली आहे. बनगरवाडीची तालीम उभी राहिली, पण पाऊस आला नाही आणि वाडी ओस पडली. गावाची एकजूट खोटी होती म्हणून नव्हे. आभाळ तिच्या हाती नव्हते. आज तर आभाळ आणखी दूरच्या लोकांच्या हाती गेले आहे. हवामानबदलावरील आंतरशासकीय मंडळाने २०२२ च्या अहवालात म्हटले आहे, की मागणीच्या बाजूने केलेल्या बदलांनी २०५० पर्यंत अंतिम वापराच्या क्षेत्रांतील उत्सर्जन ४० ते ७० टक्क्यांनी कमी होऊ शकते. हे वाक्य व्यक्तीला उपदेश करण्यासाठी सर्रास वापरले जाते. अहवालाने मात्र त्यासोबत पायाभूत सोयी, तंत्रज्ञान आणि धोरण यांची अट घातलेली आहे. बसच नसेल तर दुचाकी सोडण्याची शपथ कोणी घ्यावी?

आपल्या हाताशी मात्र एक तालीम आहे आणि तिच्याकडे आपण या दृष्टीने पाहिलेलेच नाही. ती म्हणजे सार्वजनिक वाचनालय. महाराष्ट्रात १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानंतर गावोगाव वाचनालये उभी राहिली, आणि त्यांतली बहुतेक स्थानिक मंडळींनी चालवलेली आहेत. १९०९ साली का. र. मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून वाढत गेलेल्या या परंपरेचा वाचक फार मोठ्या प्रमाणात उसना वाचक आहे. वाचनालयाची दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी भरायची आणि एकच अंक दिवाळीपासून होळीपर्यंत वीस घरे फिरायचा. कोपरे दुमडलेले, शब्दकोडे कोणीतरी आधीच सोडवलेले. एका कागदावर इतके वाचक पोसणारी ही व्यवस्था पर्यावरणाच्या कोणत्याही पुस्तिकेत नोंदलेली मला आढळली नाही.

मराठी विभागांनी निदान दोन गोष्टी कराव्यात असे सुचवावेसे वाटते. विद्यार्थ्यांनी सुटीत आपापल्या गावी जाऊन इर्जिक आणि सावड यांसारखे शब्द गोळा करावेत. नुसते अर्थ नकोत, व्यवहार लिहून घ्यावेत. कोण कोणाला बोलवत असे, कोणाला बोलावले जात नसे, जेवणाची पंगत कशी बसे, कामाचा दिवस कसा मोजला जाई, बाईचा दिवस पुरुषाच्या दिवसाइतका धरला जाई का. दुसरी गोष्ट आणखी सोपी आहे. पर्यावरण आणि साहित्य या विषयावरच्या पुढच्या चर्चासत्रात फ्लेक्सचा फलक, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले पुष्पगुच्छ आणि कपाटात धूळ खाणारी स्मृतिचिन्हे यांचा खर्च वगळून त्या पैशांत गावच्या वाचनालयाची थकलेली वर्गणी भरावी. रक्कम बहुधा पुरून उरेल.