रक्त देणाऱ्यांचा निष्कर्षांवर पहिला हक्क

मा. सचिव, जैवतंत्रज्ञान विभाग, भारत सरकार, नवी दिल्ली यांस,



९ जानेवारी २०२५ रोजी ‘जिनोम इंडिया’ प्रकल्पाची माहिती संशोधकांसाठी खुली झाली. वीस संस्था, ऐंशीहून अधिक लोकसमूह, जवळपास दहा हजार माणसांचे संपूर्ण जिनोम, आणि ही सारी माहिती फरिदाबादच्या केंद्रात जपून ठेवलेली. युरोपीय वंशाच्या लोकांवरील अभ्यासावरून आपल्या आजारांचे अंदाज बांधण्याची सवय मोडण्याची ही खरी सुरुवात आहे आणि त्याचे श्रेय आपल्या विभागाला द्यायलाच हवे. संशोधकांनी ही माहिती कशी मागायची, याचे नियमही ठरले आहेत. ज्यांनी दंड पुढे करून रक्त दिले, त्या समूहांना त्यातून काय कळवायचे, कोणी आणि कसे, हेही तितक्याच ठोसपणे ठरावे, यासाठी हे पत्र.

हा आग्रह भारतात अधिक लागू होतो, कारण आपला इतिहासच तसा आहे. हैदराबादची सीसीएमबी ही संशोधन संस्था आणि हार्वर्ड विद्यापीठ येथील संशोधकांच्या कामातून दिसते की, साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी या भूमीवर सर्वदूर वंशमिश्रण झाले. त्यातून जवळजवळ कोणीच सुटले नाही. (जातीच्या शुद्धतेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी हे आधी वाचावे.) पुढे बेटीव्यवहार जातीच्या कुंपणात अडकला. कुंपणाआड मूळची माणसे थोडी असली, तर त्यातल्या एखाद्याचा दुर्मीळ जनुकदोष शेकडो वर्षांत घरोघरी पोहोचतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दक्षिण आशियातील अडीचशेहून अधिक समूह तपासले गेले. त्यातील ८१ समूहांमध्ये हा परिणाम फिनलंडचे लोक आणि अश्केनाझी ज्यू यांच्यापेक्षाही तीव्र आढळला, आणि त्यातले १४ समूह प्रत्येकी दहा लाखांहून मोठे आहेत. म्हणजे हा प्रश्न चार पाड्यांपुरता नाही. आपल्याकडे ‘गोत्र वेगळे आहे ना, मग काळजी कसली’ असे सर्रास म्हटले जाते. गोत्र वेगळे असूनही दोन्ही घराण्यांचे पूर्वज त्याच मूठभर माणसांत सापडत असतील, तर तेवढ्याने धोका टळत नाही. नात्यात लग्न न करणाऱ्या समाजांनाही हे सांगायला हवे, आणि ते अजून पुरेसे सांगितले गेलेले नाही.

माहिती पोहोचल्याने काय फरक पडतो, हे वैश्य समाजाच्या उदाहरणातून दिसते. आंध्र-तेलंगणात मोठी वस्ती असलेला आणि मराठवाडा-विदर्भातही राहणारा हा समाज. रक्तातील एका विकराची कमतरता त्यांच्यात इतरांपेक्षा सुमारे शंभरपट आढळते. एरवी त्याचा काही त्रास नाही. माणूस ठणठणीत असतो. शस्त्रक्रियेच्या टेबलावर मात्र भूलतज्ज्ञ श्वासनलिकेत नळी घालण्यासाठी स्नायू सैल करणारे सक्सिनिलकोलीन देतात. ते काही मिनिटांत उतरते, कारण हाच विकर त्याचे विघटन करतो. तो पुरेसा नसेल, तर स्नायू तासन्‌तास लुळे राहतात, रुग्णाला स्वतःहून श्वास घेता येत नाही आणि यंत्र काढता येत नाही. यावर उपाय साधा आहे: आधी विचारपूस करायची, शंका आल्यास रक्त तपासायचे आणि दुसरे औषध निवडायचे. पण त्यासाठी ही गोष्ट तालुक्याच्या रुग्णालयातील डॉक्टरला आणि त्या घरातील माणसांना ठाऊक हवी. इंग्रजी नियतकालिकातल्या शोधनिबंधाने ते काम होत नाही.

एखाद्या जातीचे नाव आजाराशी जोडले की कलंक लागेल, मुलींची लग्ने अडतील, जातीयतेला विज्ञानाचा आधार मिळेल, हा आक्षेप गंभीर आहे. तो झटकून टाकता येणार नाही, कारण तसे घडलेले आहे. १९७०च्या दशकात अमेरिकेत अनेक राज्यांनी कृष्णवर्णीयांसाठी सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची तपासणी सक्तीची केली. समुपदेशनाची व्यवस्था अपुरी होती. वाहक आणि रुग्ण यांतला फरकही लोकांना नीट समजावला गेला नाही. परिणामी निरोगी वाहकांना नोकरीत आणि विम्यात भेदभाव सोसावा लागला. हवाई दलाच्या अकादमीची दारे त्यांना १९८१पर्यंत बंद होती. त्याच देशात, त्याच दशकात ज्यू समाजात टे-सॅक्स या जीवघेण्या बालरोगाच्या वाहकांची तपासणी सुरू झाली. तिथे आधी धर्मगुरू, डॉक्टर आणि समाजातील कार्यकर्ते यांच्याशी बोलणे झाले, तपासणी ऐच्छिक राहिली, आणि त्या समाजात या रोगासह होणारे जन्म नव्वद टक्क्यांहून अधिक घटले. दोन्हीकडे विज्ञान एकाच जातीचे होते. वेगळी होती ती लोकांना विश्वासात घेण्याची रीत. म्हणून मौन हा कलंकावरचा उपाय ठरत नाही. अर्धवट माहिती तर झिरपत राहतेच, आणि कलंक तिच्यातूनच वाढतो. शिवाय सगळेच धोके जातीच्या कुंपणात राहत नाहीत. हृदयाच्या स्नायूला कमजोर करणारा एक जनुकदोष सुमारे चार टक्के भारतीयांत, अनेक जातीजमातींत पसरलेला आहे, हे २००९ सालीच दाखवले गेले. हेही सांगितले, तर जात म्हणजे निदान नव्हे, हे लोकांना आपसूक कळेल.

दुसरा आक्षेप पैशाचा: जिथे प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर टिकत नाही, तिथे जनुकांची चर्चा कशाला? पण नंदुरबार, गडचिरोली, मेळघाट इथल्या माणसाला सिकलसेल ही चैनीची चर्चा वाटत नाही. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर दर गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे सुरू झालेल्या सिकलसेलविरोधी राष्ट्रीय मोहिमेने सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले, म्हणजे इच्छा असेल तर यंत्रणा उभी राहू शकते. मात्र तपासणीचा कागद हातात दिला की काम संपले, असे होऊ नये. हायड्रॉक्सियुरिया या औषधाचा नियमित पुरवठा आणि गोंडी, भिली, कोरकू बोलीत समजावणारा माणूस, हे दोन्ही त्या कागदामागे उभे हवेत.

आणि कायदा. जनुकीय माहितीवरून नोकरी वा विमा नाकारण्याला बंदी घालणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. एचआयव्हीबाधितांसाठी २०१७ साली असा कायदा झाला, तेव्हा नमुना घरातच आहे. आपल्या विभागाने आरोग्य मंत्रालयासोबत जनुकीय माहितीसाठीच्या अशा कायद्याचा मसुदा पुढे रेटावा. तो होईपर्यंत थांबण्याचे मात्र कारण नाही. ज्या समूहांत धोका स्पष्ट आहे आणि त्यावर उपायही आहे, त्यांच्या प्रतिनिधींशी, विशेषतः त्यांच्यातील स्त्रियांशी, बोलणी आत्ताच सुरू करावीत. काय जाहीर करायचे आणि काय नाही, यात त्यांचा शब्द धरावा. ‘जिनोम इंडिया’च्या पुढच्या टप्प्यात समुपदेशक नेमण्यासाठी वेगळी तरतूद करावी, आणि रक्त घेतलेल्या प्रत्येक समूहाला काय कळवले, याचा अहवाल दरवर्षी त्यांच्या भाषेत प्रसिद्ध करावा.

कळावे.

एक नागरिक