तिकिटाची सवलत पुरेशी आहे काय ?

वृद्धांना व अपंगांना प्रवासासाठी सरकारने साहाय्य करावे, हे तत्त्व महाराष्ट्रात आता वादाचे राहिलेले नाही. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तर वर्षांवरील नागरिकांना एस. टी. च्या गाडीतून राज्याच्या हद्दीत विनामूल्य प्रवास करता येतो. पासष्ट ते पंचाहत्तर या वयाच्या नागरिकांना अर्धे भाडे पडते. मार्च २०२३ पासून सर्व वयाच्या स्त्रियांनाही अर्ध्या भाड्याची सवलत मिळाली. चाळीस टक्के वा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या माणसास तीन चतुर्थांश भाडे माफ आहे. या सवलतींमुळे महामंडळाचे जे उत्पन्न बुडते, त्याची भरपाई सरकारने आपल्या तिजोरीतून करावयाची असते. म्हणजे हे सरकारी अनुदानच होय. ते म्हाताऱ्याच्या हातात पडत नाही, त्याच्या नावाने महामंडळास मिळते, एवढाच फरक.

ही सवलत मोलाची आहे, यात शंका नाही. ज्या म्हातारीला लेकीच्या गावी जावयाचे तर मुलापुढे हात पसरावा लागत होता, ती आज आधार कार्ड दाखवून स्वाभिमानाने गाडीत बसते. हे लहानसहान काम नव्हे. परंतु सवलत तिकिटावर आहे, आणि तिकीट गाडीत चढल्यावर मिळते. जो गाडीपर्यंत पोहोचूच शकत नाही, त्याच्या वाट्याला या अनुदानातील किती पैसे येतात ? आमच्या मते एकही नाही. या लेखात आम्हांस एवढेच मांडावयाचे आहे.

जुन्नर व आंबेगाव हे दोन तालुके पाहावेत. पूर्वेकडे नारायणगाव व मंचर ही पुणे-नाशिक रस्त्यावरील मोठ्या बाजाराची गावे आहेत. तेथे गाड्यांची ये-जा दिवसभर असते. पश्चिमेकडे मात्र सह्याद्रीचा माथा, कुकडी, मीना व घोड या नद्यांची खोरी, माणिकडोह व डिंभे या धरणांचे पाणी आणि त्या पाण्याच्या कडेकडेने विखुरलेल्या वाड्या. पावसाळ्यात तेथील पायवाटा चिखलाने भरतात, ओढे अडवितात. त्या भागात एस. टी. म्हणजे काय, हे माळीणच्या दुर्घटनेने सर्वांस दाखविले. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील ते गाव दरडीखाली गाडले गेले आणि दीडशेच्या आसपास माणसे मेली. गाव नाहीसे झाले, ही वार्ता बाहेर आणली ती त्या वाटेने गाडी घेऊन गेलेल्या एस. टी. च्या चालकाने. ज्या मुलखात सरकारचे दर्शन दिवसातून एखाद्या गाडीच्या रूपाने घडते, तेथे ती गाडी न आली तर सवलतीला काय अर्थ ? ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून कित्येक महिने कामगारांच्या संपामुळे एस. टी. ठप्प होती. त्या काळात सवलतीचे नियम कागदावर जसेच्या तसे होते. म्हातारी माणसे मात्र घरी बसली.

त्यातही आमच्या वस्त्यांचा प्रश्न वेगळा आहे. आमची वस्ती कोठे असावी हे आमच्या पूर्वजांनी ठरविले नव्हते. गावकुसाबाहेरची जागा त्यांच्यावर लादली गेली. आज धर्म बदलला, मने बदलली, मुले शिकली, पण पुष्कळ ठिकाणी वस्ती तेथेच आहे. गाडीचा थांबा गावात किंवा फाट्यावर असतो. धडधाकट माणसाला हे अंतर काहीच वाटत नाही. पक्षाघाताने एक पाय गेलेल्या माणसाला तेच अंतर मुंबईपेक्षा दूर असते. फाट्यापर्यंत कोणी उचलून आणलेच, तरी गाडीची उंच पायरी समोर उभी राहते. सरकारने 'अपंग' हा शब्द टाकून 'दिव्यांग' हा शब्द स्वीकारला आणि ३ डिसेंबर २०२२ रोजी त्यांच्यासाठी स्वतंत्र खातेही काढले. नाव बदलले हे ठीक झाले. पायरीची उंची मात्र तेवढीच राहिली.

आणखी एक विसंगती पाहा. अपंगाला सवलत हवी तर दाखला व ओळखपत्र हवे. दाखला हवा तर सरकारी रुग्णालयात जाऊन वैद्यकीय मंडळासमोर उभे राहिले पाहिजे. म्हणजे प्रवासाचे साहाय्य मिळविण्यासाठी आधी साहाय्याविना प्रवास करावयाचा ! आजाऱ्यांसाठी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून आहे, हे खरे. पण ती अपघातासाठी व जिवावर बेतल्या प्रसंगासाठी आहे. दर महिन्याला मधुमेहाची औषधे आणणे, डोळे तपासणे, बँकेत अंगठा उमटवून निराधार योजनेचे पैसे काढणे, यांसाठी ती नाही व नसावीही.

कायद्याचे म्हणणे काय आहे ? अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला. त्याच्या ४१ व्या कलमात सरकारवर तीन कामे सोपविली आहेत. भाड्यात सवलती द्याव्यात, वाहनांत अपंगांना सोयीचे फेरफार करावेत, आणि माणसाला प्रत्यक्ष हिंडण्याफिरण्यास साहाय्य करावे. यांपैकी पहिले काम महाराष्ट्र सरकारने केले. उरलेली दोन कामे जुन्नर-आंबेगावच्या डोंगरी वाड्यांत कोणी केलेली आम्हांस दिसत नाहीत. सोपे ते केले आणि अवघड ते ठेवले, असाच याचा अर्थ होतो.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला आक्षेप असा की, आईबापांना नेणे-आणणे हे मुलांचे कर्तव्य आहे, सरकारचे नव्हे. मुलांचे कर्तव्य आम्हांस मान्य आहे, आणि २००७ च्या कायद्याने ते त्यांच्यावर बंधनकारकही केले आहे. परंतु मुलगा जर नारायणगावच्या टोमॅटोच्या बाजारात हमाली करीत असेल, सून दुसऱ्याच्या मळ्यात खुरपणीला जात असेल, तर बापाला मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात नेण्यासाठी त्या घराची एका दिवसाची मजुरी बुडते, आणि फाट्यापर्यंतच्या खाजगी जीपचे भाडे वेगळे. म्हणून बापच म्हणतो, "पुढच्या महिन्यात जाऊ." हा पुढचा महिना पुष्कळांच्या आयुष्यात येत नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा. २०२४ साली सरकारने साठ वर्षांवरील नागरिकांसाठी तीर्थदर्शनाची योजना काढली आणि तीत माणशी तीस हजार रुपयांपर्यंत खर्चाची तरतूद केली. तिच्या यादीत बौद्धांची स्थळेही आहेत. ज्यांना जावयाचे त्यांनी खुशाल जावे. परंतु ज्या सरकारला म्हाताऱ्याला परप्रांतात देवदर्शनास नेता येते, त्याला त्याच म्हाताऱ्याला वाडीपासून तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत नेता येत नाही, हे आम्ही कसे मान्य करावे ? प्रश्न पैशाचा नाही, कोणती गरज आधी या निवडीचा आहे.

आमची मागणी मोठी नाही. नव्या गाड्यांचा ताफा कोणी मागत नाही. ठरलेल्या वारी एक वाहन ठरलेल्या वाड्यांत फिरावे, माणसांना दारापासून घ्यावे, घोडेगाव, मंचर, जुन्नर किंवा नारायणगाव येथे न्यावे व परत आणून सोडावे. बरोबर हात देणारा एक माणूस असावा. गावातील जीपवाल्याशी करार करून हे होण्यासारखे आहे. त्यामुळे त्यालाही बांधील उत्पन्न मिळेल. तिकिटाच्या सवलतीसाठी जे अनुदान दिले जाते, तसेच अनुदान या फेरीसाठी द्यावे. अपंगत्वाची तपासणी करणारे वैद्यकीय पथकही वर्षातून काही वेळा या खोऱ्यांतच आणावे.

सरकार हे करीपर्यंत आपण स्वस्थ बसावयाचे काय ? मुळीच नाही. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातील पाच टक्के रक्कम अपंगांसाठी आणि पंधरा टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी खर्च करावी, असा शासनाचा दंडक आहे. ही रक्कम किती झाली व कशावर खर्च झाली, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारले आहे ? लहान पंचायतीचे उत्पन्न थोडे असते, हे खरे. पण चार पंचायतींनी आपला वाटा एकत्र केला आणि जिल्हा परिषदेने त्यात भर घातली, तर आठवड्याची एक फेरी निघू शकेल. वर्षातून किमान चार ग्रामसभा भरविणे कायद्याने आवश्यक आहे. त्यांपैकी एका सभेत आपल्या वस्तीतील वृद्धांची व अपंगांची यादी लेखी द्यावी, ठराव मांडावा आणि त्याची नक्कल मागून घ्यावी.

हिशेबाची उघड नोंद ठेवण्याची चाल आपल्या मुलखाला नवी नाही. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची बौद्ध लेणी आहेत. तेथील शिलालेखांत कोणी दान दिले व काय दिले, हे दगडात कोरलेले आहे. कोणी लेणे दिले, कोणी पाण्याची पोढी दिली, कोणी शेत दिले. भिक्षुसंघास दिलेले दान जर लोकांसमोर कोरून ठेवले गेले, तर पंचायतीच्या पाच टक्क्यांचा हिशेब चावडीवरच्या फळ्यावर का लिहिला जाऊ नये ?

काहींना असे मागणे लाजिरवाणे वाटते, विशेषतः आपल्या वडीलधाऱ्यांना. भाकरीसाठी दारोदार जाण्याची चाल सोडून देताना त्यांनी जो स्वाभिमान कमावला, त्याला धक्का लागेल असे त्यांना वाटते. त्यांना आदराने सांगावयाचे ते असे. बलुत्याचे मागणे आणि हक्काचे मागणे ही एक नव्हेत. वार्धक्य, आजार व अपंगत्व यांत राज्याने साहाय्य करावे, हे संविधानाच्या ४१ व्या अनुच्छेदात लिहिलेले आहे. अशा निदेशक तत्त्वांना न्यायालयाचे बळ नाही, मग त्यांचा उपयोग काय, असे टीकाकार विचारीत. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांना उत्तर दिले की, सत्तेवर येणाऱ्याला न्यायालयात जाब द्यावा लागला नाही, तरी निवडणुकीच्या वेळी मतदारांपुढे तो द्यावाच लागेल. जाब विचारण्याचे हे काम बाबासाहेबांनी मतदारांवर, म्हणजे आपल्यावर सोपविले आहे.

तेव्हा येत्या ग्रामसभेस जाताना तरुणांनी एकटे जाऊ नये. वस्तीतील ज्या वृद्धांना व अपंगांना यावयाची इच्छा आहे, त्यांना बरोबर न्यावे. त्यांना तेथवर नेण्यास किती माणसे, किती वेळ व किती पैसे लागले, तेही सभेपुढे सांगावे आणि इतिवृत्तात लिहून घ्यावे.